माग बंद आहेत, म्हणजे सुट्टी आहे का?

बाई, सप्रेम नमस्कार.

मी जुळे सोलापुरात राहते. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं बँकेची आणि राज्यसेवेची तयारी करतेय. आकडेमोड, बैठकव्यवस्था, नातेसंबंध या प्रश्नप्रकारांत फारशी अडत नाही. पण 'विधान आणि गृहीतके' आलं की माझी दांडी गुल. दहातले चार बरोबर आले तर तो दिवस चांगला म्हणायचा. मी विधान नीट वाचते, मग खाली दिलेलं एकेक गृहीतक खरं आहे का ते बघते. खरं वाटलं की टिक. उत्तरतालिकेत नेमकं उलटं असतं. स्पष्टीकरण वाचलं की पटतं, पण पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. त्यात एकाच प्रश्नाची दोन पुस्तकांत दोन उत्तरं दिसली, तेव्हापासून तर विश्वासच उडालाय.

माझी मैत्रीण पुण्याला जाऊन रिझनिंगची खास बॅच करून आली. तिचे हे प्रश्न आता पटापट सुटतात. म्हणून मीही तीच बॅच लावावी का? फी बरीच आहे, बाबांना विचारायला जीव होत नाही. भाऊ म्हणतो, दोन वर्षांत जमलं नाही म्हणजे तुझं डोकंच या विषयाचं नाही. आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर 'शांतता राखा, इतर अभ्यास करत आहेत' अशी पाटी आहे. ती वाचूनसुद्धा हल्ली मला यात गृहीतक काय असेल असं वाटत राहतं. हसू नका.

– एक वाचक, जुळे सोलापूर

*

हसले, पण पाटीवर हसले. तिच्याकडे शेवटी येते.

तुला 'तू'च म्हणते. अकरावी-बारावीच्या पोरांना तर्कशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे या वयाच्या कुणालाही 'तुम्ही' म्हणताना जीभ अडखळते. आणि फीचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील: आत्ता भरू नकोस. का ते पुढे येईल.

एका वर्षी मी फळ्यावर लिहिलं होतं, 'आज माग बंद आहेत, म्हणजे आज सुट्टी आहे.' वर्गाला विचारलं, यात बोलणाऱ्याने न सांगता काय धरून चाललंय? उत्तर माझ्या मनात तयार होतं: सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात. सोपं उदाहरण म्हणून घेतलेलं. मागच्या बाकावर सोलापूरच्या पूर्वभागातला, विणकरांच्या वस्तीतला एक पोरगा बसायचा. घरात चार माग, खटखट ऐकतच मोठा झालेला. तो म्हणाला, "बाई, लाइट गेली असंल." त्याच्या शेजारचा म्हणाला, "नाहीतर सूत आलं नसंल." वर्ग हसला. मला हसता येईना, कारण माझं उत्तर चुकलं होतं. 'सुट्टीला माग बंद असतात' एवढं धरून ते वाक्य उभंच राहत नाही. सुट्टीला बंद असतील, पण लाइट गेल्यावरही बंद असतात, मग आजची सुट्टी कुठून काढलीत? वाक्य उभं राहायला लागतं ते असं: माग फक्त सुट्टीलाच बंद असतात. त्या दोघांनी मला तो 'फक्त' आणि तो 'च' शोधून दिला. पगार मी घेतला, धडा त्यांनी दिला.

तुझी सगळी अडचण या एका गोष्टीभोवती आहे, म्हणून जरा बैस इथे.

शाळेतल्या मराठी व्याकरणात 'अध्याहृत' शब्द आला होता, आठवतो? 'जेवलास का?' या वाक्यात कर्ता कुठे दिसत नाही, पण 'जेवलास'मधला 'स' सांगतो की समोर 'तू' आहे. तो कर्ता अध्याहृत. गृहीतक म्हणजे असंच अध्याहृत राहिलेलं अख्खं वाक्य. कर्ता क्रियापदावरून ओळखायचा. गृहीतक ओळखायचं 'म्हणून', 'म्हणजे', 'त्यामुळे', 'तेव्हा' या सांध्यावरून. सांध्याच्या अलीकडे एक गोष्ट सांगितली, पलीकडे दुसरी. मधली पायरी बोलणाऱ्याने गिळली. ती गिळलेली पायरी म्हणजे तुझं उत्तर. ती पायरी जगात खरी आहे की खोटी, हा प्रश्न पेपरात कुणी विचारलेलाच नसतो.

आणि तू दोन वर्षं नेमकं तेच तपासतेयस.

एक पाटी घे. 'आमच्याकडे अस्सल सोलापुरी चादर योग्य भावात मिळेल.' खाली तीन गृहीतकं: (अ) चादर अस्सल आहे की नाही याने काही गिऱ्हाइकांना फरक पडतो. (ब) सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. (क) अस्सल चादर नकलीपेक्षा जास्त वर्षं टिकते. तू सोलापूरची, त्यामुळे 'ब' बघितल्याबरोबर तुझा हात टिक करायला जाणार. मानांकन मिळालंय हे शंभर टक्के खरं आहे. पण मानांकन नसतं तरी दुकानदाराने ही पाटी लावलीच असती की! ते मिळायच्या कितीतरी आधीपासून अशा पाट्या लागतायत. 'क' सुद्धा तसंच. चादर टिकावी म्हणून लोक घेत असतील किंवा पाहुण्यांना द्यायला घेत असतील, पाटीला त्याच्याशी देणंघेणं नाही. आता 'अ' काढून बघ. कुणालाही अस्सल-नकलीने काडीचा फरक पडत नसेल, तर 'अस्सल' हा शब्द रंगवायला दुकानदाराने रंग कशाला वाया घालवला? म्हणून 'अ' गृहीत आहे, आणि फक्त 'अ'च. गावाबद्दल जितकी माहिती जास्त, तितकी या प्रश्नांत चुकायची भीती जास्त. पेपर सोडवताना सोलापूर घरी ठेवून जा.

ही झाली तुझी पहिली चूक. दुसरी तू पत्रात लिहिलेली नाहीस, पण माझी खात्री आहे की तीही होत असणार, कारण ती सगळ्यांची होते. विधानाच्या मागे काय आहे हे विचारलं असताना आपण विधानाच्या पुढे काय येतं ते निवडून येतो. गृहीतक मागे असतं, निष्कर्ष पुढे.

आपल्याकडे मीमांसकांचं, म्हणजे मीमांसा या जुन्या भारतीय दर्शनाच्या पंडितांचं, एक जुनं उदाहरण आहे: 'पीनो देवदत्तः दिवा न भुङ्क्ते.' देवदत्त चांगला लठ्ठ आहे, आणि दिवसा तर जेवत नाही. मग? मग तो रात्री जेवत असणार. मीमांसकांनी याला 'अर्थापत्ती' म्हणून ज्ञानाचं वेगळं प्रमाण, म्हणजे साधन, मानलं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणाले, वेगळं कशाला, हे अनुमानच आहे. त्यांचं भांडण त्यांच्यापाशी. आपल्या कामाचं एवढंच की 'देवदत्त रात्री जेवतो' हे गृहीतक आहे का? नाही, तिथे आपण पोचलो. गृहीतक आहे 'न जेवता माणूस लठ्ठ राहत नाही', ज्यावरून आपण चालत गेलो. परीक्षेत ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी ठेवलेली असतात. 'रात्री जेवतो' हे वाक्य ठसठशीत दिसतं, बातमीसारखं. 'न जेवता लठ्ठ राहत नाही' हे इतकं साधं, की डोळ्यांत भरतच नाही. गृहीतकाची ओळखच ती. सांगायची गरज वाटली नाही म्हणून तर ते सांगितलं गेलं नाही.

नैयायिकांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. (तर्कशास्त्राच्या बाईला हा मोह आवरत नाही, सहन कर.) न्यायात दुसऱ्याला पटवायचं अनुमान पाच अवयवांत मांडतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. तसाच धूर या डोंगरावर आहे. म्हणून तिथे आग आहे. तिसरा अवयव बघ. 'जिथे धूर तिथे आग' ही व्याप्ती, म्हणजे दोघांची कायमची जोडी, तिथे तोंडाने बोलून दाखवलेली आहे. आपण रोजच्या बोलण्यात पहिले दोनच अवयव बोलतो, 'डोंगरावर आग लागली वाटतं, धूर दिसतोय', आणि तिसरा पोटात ठेवतो. पेपर काढणाराही हेच करतो. तिसरा अवयव गाळतो आणि खाली पर्यायांत टाकून देतो.

आता ती व्याप्ती उलटी फिरवली तर? 'जिथे आग तिथे धूर' हे खरं नाही. लाल तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुराला ओलं सरपण लागतं. नैयायिक त्या ओल्या सरपणाला 'उपाधी', म्हणजे वरून लागणारी अट, म्हणतात. फळ्यावरच्या माझ्या वाक्यात मी व्याप्ती अशीच उलटी धरली होती. 'सुट्टी असली की माग बंद' आणि 'माग बंद असले की सुट्टी' या दोन वेगळ्या गोष्टी. पर्यायांत गृहीतक उलटं करून ठेवणं हा पेपर काढणाऱ्यांचा आवडता खोडसाळपणा आहे. 'जर-तर' दिसलं की बोट ठेवून बघ, बाण कुठून कुठे चाललाय.

आता ज्यावर तू जास्तीत जास्त वेळ घालवावास ती गोष्ट: नकाराची कसोटी. दिलेलं गृहीतक उलटं कर आणि विधानाजवळ ठेव. विधान कोसळलं, तर ते गृहीत होतं. विधान लंगडत का होईना उभं राहिलं, तर नव्हतं. हे तू कुठेतरी वाचलं असशीलच, सगळ्या पुस्तकांत एक ओळ असते. पण उलटं कसं करायचं हे कुणी सांगत नाही, आणि पोरं तिथेच घसरतात.

'सगळ्या भाकऱ्या कडक आहेत.' याच्या उलट काय? वर्गात दहातले आठ जण म्हणायचे, 'एकही भाकरी कडक नाही.' चूक. दुरडीत एक भाकरी मऊ निघाली की 'सगळ्या कडक' खोटं पडलं. म्हणून उलट म्हणजे 'निदान एक तरी कडक नाही.' तसंच 'काही भाकऱ्या कडक आहेत' याच्या उलट 'एकही कडक नाही.' 'नेहमी'च्या उलट 'कधीतरी नाही', 'कधीच नाही' नव्हे. एवढं हाताशी पक्कं ठेव आणि आता हा प्रश्न घे.

विधान: संक्रांतीच्या गड्डा यात्रेसाठी होम मैदानाभोवतालचे रस्ते चारचाकी वाहनांना बंद राहतील, असे प्रशासनाने जाहीर केले. गृहीतकं: (अ) यात्रेच्या काळात तिथे गर्दी होईल. (ब) सगळे वाहनचालक हा आदेश पाळतील. (क) चारचाकींना जाण्यासाठी दुसरे रस्ते आहेत. (ड) चारचाकी बंद केल्याने गर्दीचा त्रास पूर्णपणे संपेल.

'अ' उलटं केलं: गर्दी होणार नाही. मग रस्ते बंद कशाला? कोसळलं. गृहीत आहे. 'ब' उलटं केलं: निदान काही चालक आदेश पाळणार नाहीत. मग? काही तर कुठल्याच आदेशाला पाळत नाहीत, त्यांच्यासाठी कोपऱ्यावर पोलीस उभा असतो. आदेश उभाच आहे. 'ब' गृहीत नाही. इथे तू 'कोणीच पाळणार नाही' असं उलटं केलं असतंस, तर आदेश कोसळलेला दिसला असता आणि चुकीच्या ठिकाणी टिक पडली असती. तुझ्या उत्तरतालिकेतले कितीतरी 'नेमके उलटे' इथे झाले असणार, पैज लावते. 'ड' तसंच: त्रास पूर्ण नाही संपला, थोडा कमी झाला, तरी आदेशाला अर्थ आहे.

'क'वर शिक्षकांमध्येही मतभेद होतात. काही म्हणतील, दुसरा रस्ता नसला तरी चार दिवस गाड्या थांबतील, आदेश कोसळत कुठे? मी 'क' धरते. गाव चालवणारा माणूस रस्ता बंद करतो तेव्हा वाहतूक दुसरीकडून जाईल असं मनात असल्याशिवाय करत नाही. पण तुला सगळ्याच प्रश्नांत असं ठाम उत्तर सापडेल असं मी सांगणार नाही. त्यावर पुढे बोलू.

मराठी पेपरात 'च' वर विशेष नजर ठेव. आपल्या भाषेत 'फक्त' लिहायची गरज नसते, एक अक्षर चिकटवलं की झालं. 'हाच उपाय आहे' आणि 'हा उपाय आहे' यांत गृहीतक बदलतं. राज्यसेवेच्या पेपरात प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतात. 'च' मुद्दाम आहे की भाषांतरात सवयीने आलाय अशी शंका आली तर शेजारचा इंग्रजी मजकूर बघ. दोन सेकंद लागतात.

आणि आता माझ्याच मागाच्या उदाहरणाकडे परत. 'माग फक्त सुट्टीलाच बंद असतात' हे वाक्याला पुरतं, पण वाक्याची तेवढी गरज आहे का? उलटं कर: कधीतरी माग दुसऱ्या कारणानेही बंद असतात. असू देत. आज लाइट आहे, सूत आहे, कुणी संपावर नाही, तर आजचा निष्कर्ष अजून उभा राहू शकतो. म्हणजे बोलणाऱ्याला खरोखर लागतं ते एवढंच: आज तरी माग बंद असायला दुसरं कारण नाही. त्या दोन पोरांनी माझी चूक दाखवली त्या दिवशी मी खूश होऊन 'फक्त' आणि 'च' वहीत लिहून घेतले, आणि त्यातही गरजेपेक्षा जास्त लिहिलं हे मला नंतर कळलं. पुरेसं असणं वेगळं, आवश्यक असणं वेगळं. प्रश्न 'कोणते गृहीत धरले आहे' असा असेल तर आवश्यक तेवढंच घ्यायचं, आणि दोन पर्यायांत शंका असेल तर मवाळ शब्दांचा पर्याय आधी तपासायचा.

यातून कारण-परिणामाचे प्रश्न आपोआप सुटतात. मुंबई-सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली. समजा, शेंगाचटणी विकणारा म्हणाला, 'त्यानंतर माझा धंदा वाढला, म्हणजे ही त्या गाडीची कृपा.' इथे गाळलेलं वाक्य माग बंद असल्यासारखंच: धंदा वाढायला दुसरं कारण नव्हतं. त्याच सुमारास शेजारचं दुकान बंद पडलं असेल तर? भाव उतरले असतील तर? 'आधी हे झालं, मग ते झालं' दिसलं की लाइट गेली असेल का ते विचार.

एक प्रकार राहिला, आणि तो बँकेच्या आणि यूपीएससीच्या पेपरांत फार गोंडस दिसतो: निष्कर्षात एखादा शब्द नव्यानेच उगवतो. 'उजनी धरण शंभर टक्के भरलं, त्यामुळे आता सोलापूरला रोज पाणी येईल.' हे वाक्य कुणा सोलापूरकराच्या तोंडी घातलंस तर तोच हसेल. अलीकडे 'धरण', पलीकडे 'रोज नळाला'. भीमेवरचं ते धरण आणि तुझ्या घरचा नळ यांच्या मध्ये शंभरएक किलोमीटर जलवाहिनी आहे, पंप आहेत, वीज आहे, टाक्या आहेत, गल्लीगल्लीतली वाटणी आहे. बोलणाऱ्याने धरून चाललंय की अडचण फक्त धरणातल्या पाण्याची होती. विधानातले महत्त्वाचे शब्द अधोरेखित कर आणि निष्कर्षात कोणता शब्द विनातिकीट चढलाय ते बघ. खरं गृहीतक बहुधा त्या नव्या शब्दाला जुन्या शब्दाशी बांधतं. ज्या पर्यायात नवा शब्द नाहीच, त्याला मागच्या रांगेत बसव.

यूपीएससीच्या दुसऱ्या पेपरात, २०११ पासून ज्याला सगळे सीसॅट म्हणतात, गृहीतकं बहुतेक उताऱ्यांखाली येतात. कसोटी तीच. सापळा मात्र वेगळा असतो. उताऱ्यात लिहिलेली ओळ जराशी फिरवून पर्याय म्हणून दिलेली असते. लिहिलं, म्हणजे ते गृहीतक राहिलं नाही, ते विधान झालं. आणि गृहीतक लेखकाचं शोधायचं असतं, तुझं मत नव्हे. पर्यावरणाचा उतारा असला की पोरं मनातून आंदोलनाला निघतात, मग उत्तर हुकतं.

उत्तरतालिकांचं दुखणं खरं आहे. हा प्रकार शंभर टक्के तर्काचा नाही, थोडा रिवाजाचाही आहे. जाहिरात, आवाहन, सूचना आली की 'काही लोक तरी प्रतिसाद देतील' हे गृहीत मानायचा रिवाज आहे. 'प्लास्टिकच्या पिशव्या टाळा' असं आवाहन महापालिकेने केलं, तर नाक मुरडून म्हणता येतं की सगळे दुर्लक्ष करतील हे माहीत असूनही नियमापुरतं केलं असेल. पेपरात असं नाक मुरडायचं नाही. बोलणारा शहाणा आहे आणि मनापासून बोलतोय, एवढं आपणच गृहीत धरायचं. बाजारातल्या जाड पुस्तकांत हा रिवाज कधी पाळलेला असतो, कधी नसतो, म्हणून दोन पुस्तकांची दोन उत्तरं. तू पुस्तकं बाजूला ठेव आणि आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घे. एमपीएससी आधी पहिली उत्तरतालिका देते, हरकती मागवते, मग अंतिम उत्तरतालिका येते. सराव अंतिमवर कर. पहिली आणि अंतिम यांत जिथे उत्तर बदललं किंवा प्रश्न रद्द झाला, तो प्रश्न तर दोनदा वाच. तिथे कुणाचा तरी बाण उलटा गेला होता.

वेळेचं थोडक्यात: राज्यसेवा पूर्वचा दुसरा पेपर २०० गुणांचा, ८० प्रश्न, दोन तास. प्रश्नाला दीड मिनिट. पात्रतेला ३३ टक्के लागतात आणि चुकीला त्या प्रश्नाचे पाव गुण जातात, म्हणजे चार चुका एक बरोबर उत्तर खातात. 'केवळ अ', 'केवळ ब', 'दोन्ही', 'एकही नाही' असे पर्याय असतील आणि 'अ' गृहीत आहे याची खात्री असेल, तर दोनच पर्याय उरले. तिथे उत्तर लिहून पुढे जा. दोन्हीबद्दल अंधार असेल तर सोडून दे. 'ब'वर पाच मिनिटं चिंतन करत बसायला ती परीक्षा आहे, मठ नाही.

आता पुण्याची बॅच. तुझं वाक्य घेऊ: 'मैत्रिणीने बॅच केली, तिचे प्रश्न आता सुटतात, म्हणून मी लावावी का?' काय गाळलंस ते तुला आता दिसत असेल. तिला बॅचमुळेच जमलं, हे एक. तिची आणि तुझी चूक एकच होती, हे दुसरं. तीच गोष्ट दुसरीकडे फुकट मिळणार नाही, हे तिसरं. तिन्ही खरी असतीलही! पण तपासल्याशिवाय बाबांच्या खिशाला हात घालू नकोस. तिला घरी बोलाव, चहा दे आणि विचार की बॅचच्या आधी तुझे दहात किती यायचे आणि नेमकं काय बदललं. तिने तिथे रोज पन्नास प्रश्न सोडवले असतील तर ते अभ्यासिकेतही होतात.

त्याआधी एक काम कर. गेल्या काही महिन्यांतले या प्रकारचे चुकलेले तीस-चाळीस प्रश्न एका वहीत उतरव. प्रत्येकासमोर कारण लिही: 'खरं होतं म्हणून टिक केलं', 'पुढचं टिक केलं', 'बाण उलटा', 'सगळे-काही', 'नवा शब्द सुटला', 'रिवाज'. माझा अंदाज, निम्म्याहून जास्त पहिल्या खान्यात पडतील, कारण पत्रात तू स्वतःच तशी कबुली दिलीयस. तसं निघालं तर तुझं दुखणं एकच आहे आणि त्याला पंधरा दिवस लागतील, बॅच नाही. सगळ्या खान्यांत सारखं विखुरलं असेल, आणि महिनाभर रोज सराव करूनही हललं नाही, तर मला पुन्हा लिही. मग फीचा विचार करू, आणि बाबांशी कसं बोलायचं त्याचाही.

भावाला उत्तर द्यायची गरज नाही. दोन वर्षं तू चुकीची गोष्ट तपासत होतीस, त्याच्यावरून डोक्याबद्दल काही ठरवता येत नाही. माझं स्वतःचं तर्कशास्त्र फळ्यापुढे उभं राहून चुकलं होतं. हवं तर त्याला फक्त मागाचं वाक्य सांग आणि विचार, काय गाळलंय. 'सुट्टीला माग बंद असतात' म्हणाला तर तुझ्या वहीतला 'बाण उलटा' हा खाना त्याला दाखव.

तुझी,
बाई

ता.क. अभ्यासिकेची पाटी: 'शांतता राखा, इतर अभ्यास करत आहेत.' आवाजाने अभ्यासात अडथळा येतो, हे गृहीत आहे. उलटं करून बघ, पाटी कोसळते. ती वाचणाऱ्यांपैकी काही तरी गप्प बसतील, हेही आहे, रिवाजाप्रमाणे. 'पाटी वाचणारा अभ्यास करत नाहीये' हे मात्र गृहीत नाही. तो अभ्यास करत असला तरी पाटी जागच्या जागी राहते. तू उगाच मनाला लावून घेत होतीस.